उभ्या अक्षावरचे मृत्यू : मानमोडी, कोविड आणि ‘घाणीने वाचवले’ हा समज

(लेख दीर्घ आहे, सवडीने वाचावा. विद्यार्थी वाचकांसाठी मोजमापाच्या पद्धतीविषयी मुद्दाम थोडे सविस्तर लिहिले आहे.)

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस मी एक आलेख काढला होता. प्रयोगशाळा मार्चपासून बंद होती, उपकरणे थंड पडली होती आणि हातात वेळ होता. आडव्या अक्षावर प्रत्येक देशातील स्वच्छतागृहे व सांडपाण्याची सोय असलेल्या लोकसंख्येची टक्केवारी घेतली; उभ्या अक्षावर दहा लाख लोकसंख्येमागे कोविडचे अधिकृत मृत्यू, लघुगणकीय प्रमाणात. बिंदू पडत गेले तसा त्यांचा कल स्पष्ट दिसू लागला. उजवीकडे वर बेल्जियम, स्पेन, इटली, अमेरिका. डावीकडे खाली भारत, बांगलादेश आणि आफ्रिकेतील बहुतेक देश. अमेरिकेत तोवर दहा लाखांमागे सहाशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते, आपल्याकडे सत्तरच्या आसपास. जेथे स्वच्छता अधिक तेथे मृत्यू अधिक, असे ते चित्र सांगत होते. मी तो आलेख याच भिंतीवर टाकला. ‘आपल्या प्रतिकारशक्तीची शाळा रस्त्यावरच भरते’ अशी ओळ वर लिहिली. तो पुष्कळांनी पुढे पाठवला. त्यातील काहींनी तो मास्क न लावण्याचे शास्त्रीय कारण म्हणून पाठवला, हे मला नंतर कळले.

असा विचार करणारी मी एकटी नव्हते, आणि हा विचार हास्यास्पदही नव्हता. त्याच सुमारास सीएसआयआरचे तत्कालीन महासंचालक शेखर मांडे, संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर आणि त्यांच्या सहकारी यांनी १०६ देशांच्या आकडेवारीवरून असाच सहसंबंध मांडला होता. कांगड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील दोन डॉक्टरांनी १२२ देश घेऊन जवळपास त्याच दिशेने बोट दाखवले होते. विचारामागे एक जुने, प्रतिष्ठित गृहीतक होते. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने सतरा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत असे पाहिले की ज्या घरात भावंडे जास्त, त्या घरातील मुलांना परागज्वर कमी. लहानपणी होणारे संसर्ग प्रतिकारयंत्रणेला शिस्त लावतात, अशी कल्पना त्यातून पुढे आली. तिला ‘हायजीन हायपोथिसिस’ म्हणतात. कोविडमध्ये अनेक रुग्ण विषाणूपेक्षा स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकाने दगावत होते. तेव्हा ही कल्पना तेथे लावून पाहणे स्वाभाविकच होते. मांडे-करंदीकर यांच्या निबंधात, यावरून स्वच्छता कमी करावी असा अर्थ कोणी काढू नये, अशी स्पष्ट सूचनाही होती. माझ्या भिंतीवरच्या ओळीत तशी सूचना नव्हती.

मग २०२१ चा एप्रिल उजाडला. त्या दोन महिन्यांचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते सांगावे लागत नाही.

माझे थोरले काका मे महिन्यात गेले. गाव वऱ्हाडातले. चार दिवस ताप, मग धाप, मग तालुक्याच्या गावी जाणाऱ्या गाडीत प्राण गेला. चाचणी झाली नव्हती. दाखल्यावर कारण आले ते ‘हृदयक्रिया बंद पडून’. कोणाचीही हृदयक्रिया बंद पडल्याखेरीज मृत्यू होत नाही, त्यामुळे दाखला खोटा नव्हता. पण त्या वर्षअखेरीस मी माझा आलेख नव्या आकडेवारीने पुन्हा काढायला बसले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की भारताच्या बिंदूत काका नाहीत. मी ज्या अक्षाला ‘मृत्यू’ असे नाव दिले होते, त्या अक्षावर ते मेलेलेच नव्हते.

प्रयोग करणाऱ्या कोणत्याही भौतिकीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी शिकवले जाते. शोधक जे मोजतो ते निसर्गातील संख्या नसते; ती त्या संख्येचा आणि शोधकाच्या कार्यक्षमतेचा गुणाकार असते. कार्यक्षमता सर्वत्र सारखी असेल तर फारसे बिघडत नाही, आलेख सबंध खाली सरकतो इतकेच. पण कार्यक्षमता आडव्या अक्षावरच्या राशीसोबतच बदलत असेल तर दिसणारा उतार निसर्गाचा आहे की उपकरणाचा, हे आलेखाकडे पाहून सांगता येत नाही. ज्या देशात घरोघरी मलनिःसारणाची सोय आहे, त्याच देशात तपासणीची केंद्रे असतात, रुग्णालयात मृत्यू होतो आणि डॉक्टर कारण लिहितो. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्शालाही वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणजे माझा आडवा अक्ष शौचालये मोजत असताना नकळत मृत्यू मोजण्याची क्षमताही मोजत होता. माझ्या पदवीचा सारा अभ्यास या एका चुकीपासून सावध राहण्याचा होता आणि घरबसल्या मी तीच केली.

ही चूक ध्यानात आल्यावर मी मागे वळून १९१८ कडे पाहिले. कारण ‘घाणीने वाचवले’ हे खरे असेल तर त्याची सर्वांत कठोर परीक्षा याच भूमीवर एकदा होऊन गेली होती.

आमच्याकडे त्या साथीला मानमोडी म्हणत. आजीच्या पिढीपर्यंत जुन्या माणसांच्या वयाचा हिशेब ‘मानमोडीच्या आधीचा’ की ‘नंतरचा’ असा होत असे. बाकी जग तिला स्पॅनिश फ्लू म्हणते. २००६ साली ख्रिस्तोफर मरे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साथीच्या मृत्यूंची तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी ज्या प्रदेशांत जन्ममृत्यूची नोंद बऱ्यापैकी होती तेवढेच घेतले. त्यात तत्कालीन हिंदुस्थानचे नऊ प्रांत होते. एका टोकाला डेन्मार्क, जेथे लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के अतिरिक्त मृत्यू झाले. दुसऱ्या टोकाला ७.८ टक्के. ते दुसरे टोक म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड. आजोळचे नाव ‘लॅन्सेट’च्या तक्त्यात सर्वांत वरच्या जागी वाचण्याचा अनुभव विचित्र असतो. या तफावतीचा मोठा हिस्सा दरडोई उत्पन्नातील फरकाशी जुळत होता. जेथे दारिद्र्य अधिक, तेथे मृत्यू अधिक. माझ्या २०२० च्या आलेखाचा उतार नेमका उलटा.

मुंबईची कथा अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तेथे एकाच शहराच्या आत तुलना करता येते. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांपैकी एक गोदीवर पहाऱ्याला होता. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचे मत होते की आजार जहाजावरून उतरला. सरकारी बाजूने उलट म्हटले गेले की जहाजावरच्यांनाच तो मुंबईत जडला. शहराच्या अस्वच्छतेवर खापर फोडण्याची संधी तेव्हाही कोणी सोडली नव्हती. उन्हाळ्यातील ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसे मेली.

त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या मृत्यूंचे समाजवार दर नगरपालिकेने नोंदले. दर हजारी युरोपीय ८.३, पारशी ९.०, अँग्लो-इंडियन ११.९, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि त्या नोंदीच्या भाषेत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले होते त्यांचा दर ६१.६.

हा शेवटचा आकडा एकदा वाचून पुढे जाण्याचा नाही. ज्या समाजाकडून हे शहर आपला मैला वाहून नेत होते, आपली गटारे उपसून घेत होते, त्यांचा यात समावेश आहे. रोगजंतूंशी आयुष्यभराचा सहवास हेच संरक्षण असते तर मुंबईत सर्वांत सुरक्षित माणसे तीच असायला हवी होती. ती युरोपीयांच्या सातपटींहून अधिक दराने मेली.

या तुलनेचे बळ कशात आहे हे विद्यार्थ्यांनी पाहावे. हवा एक, समुद्राचा वारा एक, विषाणू एक, साथीचा काळ एक, आणि मोजणारी नगरपालिकाही एक. देशादेशांच्या तुलनेत जी पंचवीस-तीस चलपदे एकाच वेळी बदलतात त्यांपैकी बहुतेक येथे आपोआप स्थिर राहतात. मोजणीतील त्रुटी येथेही असणारच. पण गरीब वस्तीतील मृत्यू जास्त मोजले गेले आणि मलबार हिलवरचे कमी, असे म्हणणे कठीण आहे. त्रुटी असलीच तर ती उलट दिशेची असण्याची शक्यता अधिक. म्हणजे खरी दरी ६१.६ विरुद्ध ८.३ याहून रुंदच असेल.

मग हा फरक कशाचा? ‘अस्वच्छतेचा’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. इन्फ्लुएन्झा गटारातून येत नाही, पाण्यातून येत नाही. तो श्वासातून येतो. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दोन तृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्या खोलीत चूल, तीतच झोपणे, तीतच आजारी माणूस. खिडकी असली तर चाळीच्या दुसऱ्या भिंतीकडे उघडणारी. घरातील एक जण खोकला की सगळ्यांच्या वाट्याला विषाणूची मोठी मात्रा, तीही रात्रभर. पुढचा प्रश्न शुश्रूषेचा. १९१८ मध्ये या तापावर औषध नव्हते, प्रतिजैविके नव्हती; माणूस जगला तर विश्रांती, पाणी, पेज आणि कोणी तरी उशाशी बसलेले असल्यामुळे जगत असे. रोजंदारीवरच्या घरात विश्रांती म्हणजे उपास. देशभराच्या नोंदींत बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. घरात कोंडून राहणे आणि आजाऱ्याजवळ बसणे हे त्यांच्या वाट्याला आलेले असे, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे.

‘स्वच्छता’ या एका शब्दात आपण पिण्याचे पाणी, मैल्याची विल्हेवाट, घरातील हवा, दाटी, उंदीर-पिसवा, अन्न, सगळे कोंबतो. प्रत्येक रोगाला यांतील एखादेच दार उघडे लागते.

पाण्याच्या दाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मुंबईचे नाही, जर्मनीतील हँबुर्गचे आहे. विद्यार्थ्यांनी ते माहीत करून घ्यावे म्हणून येथे देते. १८९२ मध्ये हँबुर्गला पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, तेही हँबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, खालच्या अंगाचे. पण आल्टोना ते पाणी वाळूतून गाळून घेत असे. हँबुर्ग तसेच सोडत असे. दोन्ही शहरांच्या सीमेवर एक रस्ता असा होता की त्याच्या एका बाजूला पटकी होती आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नव्हती. माती एक, हवा एक, माणसे सारखीच. फक्त नळ वेगळा. रॉबर्ट कॉख यांनी याच्याकडे बोट दाखवले आणि ‘दूषित हवेने पटकी होते’ या मताचे फारसे काही उरले नाही. येथे स्वच्छता रोगाच्या यंत्रणेच्या ऐन मधोमध उभी आहे, म्हणून तिचा परिणाम इतका लख्ख दिसतो.

चुकीच्या दारावर पहारा बसवला की काय होते, याचे उदाहरण मात्र मुंबईचेच. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. प्रशासनाचा विश्वास घाण आणि दुर्गंधी यांवर होता. समुद्राचे पाणी सोडून गटारे धुतली गेली, कार्बोलिक ओतले गेले, घरांना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. ‘मानवी वास्तव्यास अयोग्य’ अशा अर्थाची यू.एच.एच. ही तीन इंग्रजी अक्षरे कित्येक भिंतींवर रंगवली गेली. एवढी साफसफाई या शहराने तोवर पाहिली नव्हती, आणि प्लेग पसरतच राहिला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरावरच्या पिसवेतून जातो हे प्रयोगाने दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षे गेली. त्या काळातील घरझडत्यांची कहाणी महाराष्ट्राला पाठ आहे, ती येथे सांगत नाही. शास्त्राच्या अंगाने मुद्दा इतकाच की ‘अस्वच्छ वस्तीत प्लेग जास्त’ हा सहसंबंध खराच होता. तो खरा असूनही त्यावरून निघालेली कृती बहुतांशी वाया गेली, कारण मधला उंदीर कोणाला दिसत नव्हता.

१९१८ कडे परत येते. मुंबईतील खोली समजली, पण मध्य प्रांत व वऱ्हाडात एकखोली चाळी नव्हत्या. तेथे सर्वाधिक मृत्यू का? एक कारण आकाशात होते. त्या वर्षी मोसमी पाऊस देशभरात सरासरीच्या तीन चतुर्थांशच झाला. हवामान खात्याच्या सबंध नोंदींत इतका वाईट पावसाळा क्वचितच आढळतो. खरीप गेला, चारा गेला, धान्य महायुद्धामुळे आधीच महागलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नव्या धान्याची वाट पाहण्याच्या दिवसांत, अर्धपोटी माणसांवर साथ आली. तरीही सगळा भार दुष्काळावर टाकता येत नाही. सिद्धार्थ चंद्र आणि ईव्हा कासेन्स-नूर यांनी जिल्हावार नोंदी तपासून दाखवले की साथ मुंबईकडून पूर्वेकडे सरकताना तिची तीव्रता ओसरत गेली. बंगालमध्ये मृत्यूचे प्रमाण पश्चिमेच्या मानाने बरेच कमी राहिले. बंगाल काही स्वच्छ प्रांत नव्हता. मलेरिया आणि पटकी यांचे ते माहेरघर होते. म्हणजे जंतूंचा सहवास बंगालचे रक्षण करून गेला म्हणावे, तर तोच सहवास मुंबईच्या सफाई कामगाराला का तारू शकला नाही याचे उत्तर द्यावे लागते. आणि गलिच्छपणाच मारतो म्हणावे, तर बंगाल वाचला कसा याचे. साथीच्या येण्याचा क्षण, त्या वेळचा विषाणू, त्या महिन्यातील पोट, ही सगळी चलपदे आलेखावर आणल्याखेरीज स्वच्छतेचा उतार काढणे व्यर्थ आहे.

यांपैकी एक चलपद इतके बलवान आहे की २०२० मध्ये मी ते विसरले याची मला आजही लाज वाटते. ते म्हणजे वय. कोविडमध्ये बाधित व्यक्ती मरण्याची शक्यता वयानुसार घातांकी वाढते. अँड्र्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्येच दिलेले आकडे पाहा : पंचावन्नाव्या वर्षी ०.४ टक्के, पासष्टाव्या वर्षी १.४, पंचाहत्तराव्या वर्षी ४.६. दर वीस वर्षांत सुमारे दहापट. इटलीत शंभरातील तेवीस माणसे पासष्टीच्या पुढची. भारतात तेव्हा सातही नव्हती. एवढ्या एका फरकाने, कोणताही जंतू, कोणतीही लस, कोणताही मसाला मधे न आणता, दोन देशांच्या मृत्युदरांत कित्येक पटींचे अंतर पडते. आडव्या अक्षावर स्वच्छतागृहांऐवजी वृद्धांची टक्केवारी घेतली असती तरी माझा आलेख तितकाच सुरेख आला असता. कारण ज्या देशांनी पाणी आणि मैला यांची नीट सोय केली, तेथेच माणसे म्हातारी होईपर्यंत जगतात.

१९१८ चा विषाणू याच्या उलट वागला. त्याने वीस ते चाळीस या वयातल्यांना विशेष टिपले. तरुण माणसांचा देश तेव्हा आडोसा नव्हता, उघडे मैदान होते. तीच वयोरचना एका साथीत ढाल ठरते आणि दुसरीत छाती, याचा ‘भारतीय प्रतिकारशक्ती’ नावाच्या कोणत्याही गुणाशी संबंध नाही.

मग या गृहीतकात काहीच तथ्य नाही का? असे मी म्हणणार नाही. बालपणीचे संसर्ग आणि पुढची प्रतिकारयंत्रणा यांचे नाते हा जिवंत संशोधनाचा विषय आहे. आक्षेप देशांच्या बिंदूंवरून माणसांविषयी निष्कर्ष काढण्यावर आहे. २०२० मध्येच बीसीजी लसीबाबत अगदी असाच आलेख फिरत होता : जेथे बीसीजी देतात तेथे कोविडचे मृत्यू कमी. त्या वेळी काही संशोधकांनी योग्य तेच केले. आरोग्य कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला बीसीजी दिली, दुसऱ्याला नाही. २०२३ मध्ये त्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला : कोविडपासून संरक्षण दिसले नाही. देशांच्या आलेखावरचा तो सुंदर उतार माणसांच्या पातळीवर विरघळला.

शहराच्या आत पाहिले की २०२० मध्येही १९१८ सारखेच चित्र दिसत होते. जुलै २०२० मध्ये टीआयएफआर, मुंबई महानगरपालिका आणि नीती आयोग यांनी इतर संस्थांसह तीन प्रभागांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. मधे शंभर वर्षे, निराळा विषाणू, आणि पुन्हा तीच खोली. भरीला सामाईक शौचालयाची रांग. झोपडपट्टीतील बाधितांपैकी मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण कमी दिसले हे खरे. पण तेथील वस्ती तरुण आहे, आणि आजारी वृद्ध गावी परतलेला असेल तर त्याचा मृत्यू कोणत्या प्रभागात मोजला गेला, हाही प्रश्न उरतोच.

मोजणीचा हा प्रश्न १९१८ मध्ये कसा सुटला, ते सांगून थांबते. तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या प्राथमिक अहवालात हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज सुमारे ६० लाख दिला होता. १९२१ ची जनगणना झाली आणि अंदाज १ कोटी २० ते ३० लाखांवर गेला, म्हणजे दुप्पट. पुढे किंग्झली डेव्हिस यांनी तो दोन कोटींच्या घरात नेला. २०१२ मध्ये चंद्र आणि सहकाऱ्यांनी काटेकोर पद्धतीने १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आणला. १९११ ते १९२१ हे दशक भारताच्या जनगणनांच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक आहे. जनगणना नसती तर आपण आजही ६० लाखच म्हणत राहिलो असतो.

प्राथमिक अंदाज इतका तोकडा का पडला, याचे एक उत्तर मला घरातच मिळाले. जात पडताळणीसाठी चुलतभावाने तहसिलातून कोतवाल बुकाच्या नकला काढल्या होत्या. वऱ्हाडातील वाचकांना हे पुस्तक परिचित असेल : गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू ज्यात लिहवून घेत असे ती नोंदवही. आम्हाला हवी होती ती नोंद दुसऱ्याच वर्षाची होती, पण झेरॉक्सच्या गठ्ठ्यात १९१८ ची काही पानेही आली. ऑक्टोबरात ओळी दाट होत जातात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’, पुढे नुसत्या खुणा. मग जवळजवळ दोन आठवडे एकही नोंद नाही. आणि त्यानंतर नोंदी पुन्हा सुरू होतात त्या वेगळ्या अक्षरात. त्या दोन आठवड्यांत गावात कोणी मेले नाही असे मानायचे असेल तर मानावे. माझ्या क्षेत्रात याला शोधक संपृक्त होणे म्हणतात. प्रारणांचा मारा सर्वाधिक असतो तेव्हाच उपकरण शून्य दाखवते.

कोविडबाबत आपण सध्या कोठे आहोत? २०२१ अखेरपर्यंतचे भारताचे अधिकृत मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. भारत सरकारने त्याच्या प्रतिमानाधारित पद्धतीला तीव्र आक्षेप घेतला, आणि प्रतिमानांना मर्यादा असतात हे खरेच आहे. मे २०२५ मध्ये महानिबंधकांनी २०२१ ची नागरी नोंदणी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रतिमान नाही, साधी मोजणी आहे. २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १०२.२ लाख. वाढीचा काही भाग नोंदणी सुधारल्यामुळे आहे, तो वजा करायला हवा, आणि तो किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण त्या एका वर्षातील कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे ३.३ लाख होते, आणि २०१९ च्या तुलनेत त्या वर्षी नोंदलेले मृत्यू पंचवीस लाखांहून अधिक आहेत. माझ्या आलेखावर भारताचा बिंदू कोठे ठेवावा हे या फरकावर अवलंबून आहे. लघुगणकीय अक्षावर तो सहज एक घर वर सरकू शकतो, आणि तसे झाले तर उताराचे फारसे काही शिल्लक राहत नाही.

१९१८ नंतर तीन वर्षांनी जनगणना झाली होती. २०२१ ची झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची जाहीर झाली आहे. सोळा वर्षांच्या एकाच कप्प्यात दोन वर्षांचे शिखर शोधावे लागेल. ते अशक्य नाही. वयोगटवार तूट, विधवांचे प्रमाण, जिल्ह्याजिल्ह्यांतील फरक यांवरून पुष्कळ काढता येईल, मात्र अनिश्चिततेचे दांडे लांब असतील. संख्याशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनी यासाठी आतापासून जिल्हावार नागरी नोंदणीचे जुने तक्ते उतरवून ठेवावेत. अशी पाने संकेतस्थळांवरून कधी नाहीशी होतील याचा नेम नसतो.

२०२० चा तो आलेख मी भिंतीवरून काढलेला नाही. त्याच्याखाली आज या लेखाचा दुवा जोडला आहे, आणि भारताच्या बिंदूला वरच्या दिशेने एक लांब दांडा काढला आहे. कोणाच्या घरी १९१८ च्या कोतवाल बुकाची किंवा गावच्या मृत्यूनोंदीची नक्कल असेल, तर नावे झाकून, फक्त तारीख आणि कारण हे दोन रकाने दिसतील असे छायाचित्र पाठवावे. रिकाम्या आठवड्यांची पाने असतील तर तीही हवी आहेत.